एका वर्षाचं देणं

१९३६ साली अमेरिकेत एका विधवेचं मृत्युपत्र उघडलं गेलं आणि हार्वर्ड विद्यापीठाची पंचाईत झाली. बाईंचं नाव ॲग्नेस वॉल निमन. त्यांचे पती लुसियस निमन हे ‘मिलवॉकी जर्नल’ हे वर्तमानपत्र नावारूपाला आणणारे संपादक-मालक. ते आदल्याच वर्षी गेले होते. बाईंनी दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम हार्वर्डच्या नावे ठेवली होती आणि हेतू लिहिला होता, की अमेरिकेतल्या पत्रकारितेचा दर्जा वर न्यावा आणि त्या कामासाठी लायक वाटतील अशा माणसांना शिकवावं. कसं शिकवायचं, हे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हाचे अध्यक्ष जेम्स ब्रायंट कोनंट हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांना पत्रकारितेचं कॉलेज काढायचं नव्हतं, पण एवढे पैसे नाकारायचेही नव्हते. शेवटी एक अजब मार्ग निघाला. नोकरी करणाऱ्या पत्रकारांना वर्षभर बोलवायचं, खर्चाला पैसे द्यायचे आणि सांगायचं, की या विद्यापीठात हव्या त्या वर्गात जाऊन बसा. कायदा, इतिहास, शेतीचं अर्थशास्त्र, काहीही. परीक्षा नाही, पदवी नाही. उलट बंधन होतं ते असं, की या वर्षात आपल्या पेपरसाठी लिहायचं नाही. खुद्द कोनंट यांनाच हा प्रयोग शंकास्पद वाटत होता आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. १९३८ मध्ये पहिले नऊ जण आले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमला कोण, तर एक कवी, आर्चिबाल्ड मॅक्लीश. त्याच्या पदाचं नाव ‘क्युरेटर’, म्हणजे वस्तुसंग्रहालयात असतो तसा. निमन फाउंडेशनच्या प्रमुखाला आजही क्युरेटरच म्हणतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या जगात असं वर्ष कल्पनेतही बसत नाही. आमचं आयुष्य दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कापलेलं असतं आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी दाखवावं लागतं. रिकामं असण्याला आमच्याकडे ‘बेंच’ म्हणतात. बेंचवरच्या माणसाला पगार मिळतो, काम नसतं. म्हणजे वरवर पाहिलं तर तीसुद्धा फेलोशिपच. पण बेंचवर बसलेला मी पाहिलेला प्रत्येक जण सकाळी घाबरतच उठायचा. फुकट मिळणाऱ्या वेळेची आपल्याला भीती वाटते, कारण तो फुकट नाही हे कुठेतरी ठाऊक असतं. कधीतरी कुणीतरी वसुलीला येणार.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यानं १९२५ साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की निव्वळ फुकट अशी भेट नसतेच. घेणाऱ्यावर परतफेडीचं ओझं येतंच, मग देणारा तोंडानं काहीही म्हणो. आपल्याला हे मॉसशिवायही कळतं. आपल्याकडे ‘मिंधा’ हा शब्द आहे. उपकार घेतलेला माणूस समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही, ती अवस्था म्हणजे मिंधेपणा. पत्रकाराच्या बाबतीत तर हा शब्द शिवीसारखाच. शिवाय ‘देणं’ हाही शब्द बघा. देणं म्हणजे दान, आणि देणं म्हणजे फेडायचं राहिलेलं कर्जही.

मग प्रश्न असा, की कुणी तुम्हाला एक आख्खं वर्ष दिलं, त्याबदल्यात काहीही मागितलं नाही, तर तुम्ही कुणाचं काय देणं लागता?

याचं नेहमीचं उत्तर यशोगाथांमधून दिलं जातं. अँथनी लुइस नावाचा पत्रकार १९५६-५७ मध्ये हे वर्ष घ्यायला आला आणि कायद्याच्या वर्गांत बसला. परत जाऊन तो ‘न्यू यॉर्क टाइम्स’साठी सर्वोच्च न्यायालयाचं असं वार्तांकन करू लागला, की १९६३ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. रॉबर्ट कारोची गोष्ट मला जास्त आवडते. तो १९६५-६६ मध्ये आला. त्याआधी ‘न्यूजडे’मध्ये असताना त्यानं एका प्रस्तावित पुलाविरुद्ध लिहिलं होतं. ती कल्पना निव्वळ वेडेपणाची आहे हे आमदारांना पटलंही होतं. मग रॉबर्ट मोझेस नावाचा एक अधिकारी राजधानीत येऊन गेला आणि सगळ्यांची मतं फिरली. हा मोझेस आयुष्यात कधी निवडून आलेला नव्हता. हार्वर्डच्या नगररचनेच्या वर्गात कारो बसला होता. फळ्यावर गणितं चालली होती: महामार्ग कुठे बांधला जातो, लोकसंख्येची घनता किती, वाहतूक किती. कारो वहीत सगळं उतरवत होता आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं, की हे सगळं चूक आहे. महामार्ग तिथे होतात, जिथे रॉबर्ट मोझेसला ते हवे असतात. त्या वर्गातून ‘द पॉवर ब्रोकर’ निघालं, १९७४ मध्ये, बाराशेहून जास्त पानांचं. मधल्या वर्षांत पैसे संपले आणि बायकोनं राहतं घर विकलं. म्हणजे फेलोशिपनं दिलं एक वर्ष आणि त्या वर्षानं मागून घेतली पुढची सात.

या गोष्टी वार्षिक अहवालात छान दिसतात. पैसे दिले, पुलित्झर आलं, हिशेब मिटला. मॉस म्हणतो तेही खरं ठरलं आणि मिंधं कुणी झालं नाही. पण कुणाला वर्ष मिळालं आणि कुणाला नाही, हे विचारलं की हिशेब बिघडायला लागतो. एका बाईच्या पैशातून निघालेल्या या फेलोशिपवर पहिली सात वर्षं एकही बाई आली नाही. पहिल्या दोघी १९४५ मध्ये आल्या. पहिला कृष्णवर्णीय फेलो फ्लेचर मार्टिन, १९४६ मध्ये. आणि १९६० पासून जेव्हा दक्षिण आफ्रिकेतले पत्रकार यायला लागले, तेव्हा एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. तो मला गेले काही महिने सोडत नाहीये.

नॅट नकासा डरबनजवळच्या चेस्टरव्हिलचा. जन्म १९३७. झुलू भाषेतल्या वर्तमानपत्रात सुरुवात करून तो जोहान्सबर्गला ‘ड्रम’ मासिकात आला. ‘ड्रम’ म्हणजे त्या काळी कृष्णवर्णीय शहरी जगण्याचा आवाज: जॅझ, गुंड, दारूचे अड्डे, राजकारण, सगळं. नकासाची शैली तिरकस आणि हसरी. वर्णद्वेषी राजवटीत काळ्या माणसाला गोऱ्या भागात रात्री राहायला बंदी होती, तर हा मित्रांच्या घरी, ऑफिसात, कुठेही झोपायचा आणि त्यावरच लिहायचा. त्यानं ‘द क्लासिक’ हे वाङ्मयीन नियतकालिक काढलं. गोऱ्यांच्या मालकीच्या ‘रँड डेली मेल’मध्ये स्तंभ लिहिणारा तो पहिला कृष्णवर्णीय लेखक.

१९६४ मध्ये त्याला निमन फेलोशिप मिळाली. त्यानं पासपोर्टसाठी अर्ज केला आणि सरकारनं तो नाकारला. मात्र जायला बंदी केली नाही. तिथल्या कायद्यात एक खास कागद होता, ‘एक्झिट परमिट’. त्यावर सही केली की देश सोडता येत असे, परत येता येत नसे. वय सत्तावीस. समोर एक वर्ष हार्वर्ड, आणि त्याबदल्यात डरबन, जोहान्सबर्ग, आई-वडील, भाषा, सगळं कायमचं. त्यानं सही केली. आपण आता कुठलेच रहिवासी राहणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. जाताना त्यानं स्तंभात त्यावरच लिहिलं.

वर्ष संपलं. १४ जुलै १९६५ रोजी न्यू यॉर्कमध्ये एका इमारतीच्या सातव्या मजल्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला. अठ्ठावीस वर्षांचा होता. मी आज ज्या वयात आहे त्याच्या आगेमागेच, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतोय. त्याला न्यू यॉर्कजवळच्या दफनभूमीत पुरलं. दक्षिण आफ्रिकेत लोकशाही येऊन वीस वर्षं झाल्यावर, २०१४ मध्ये, त्याचे अवशेष चेस्टरव्हिलला परत नेले गेले.

आता हे पाहा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६२-६३ मध्ये, त्याच देशातून ॲलिस्टर स्पार्क्स त्याच फेलोशिपवर आले होते. स्पार्क्स गोरे. पासपोर्ट मिळाला, वर्ष झालं, परत गेले आणि पुढे ‘रँड डेली मेल’चे संपादक झाले. त्यांच्या धाडसाबद्दल मला शंका नाही. त्यांच्या कारकिर्दीत त्या पेपरनं सरकारचा गुप्त प्रचारनिधी उघडा पाडला. मुद्दा एवढाच, की देणाऱ्यानं दोघांना तंतोतंत सारखी गोष्ट दिली होती. एकाला ती एका वर्षाला पडली, दुसऱ्याला आयुष्याला. किंमत हार्वर्डनं लावलेली नव्हती, प्रिटोरियानं लावली. पण म्हणून हार्वर्डनं हात झटकावेत का?

याच्या उलट बाजूला पर्सी क्वोबोझा उभे आहेत. ते ‘द वर्ल्ड’चे संपादक. हा जोहान्सबर्गमधला, कृष्णवर्णीय वाचकांचा, मोठ्या खपाचा पेपर. मालकी मात्र गोऱ्या कंपनीची. १९७५-७६ मध्ये ते हार्वर्डला आले. सौम्य, मध्यममार्गी माणूस अशी तोवरची प्रतिमा. पुढे त्यांनी सांगितलं, की त्या वर्षात भीती वाटली ती अमेरिकेची नाही, स्वतःची वाटली. इतकी वर्षं आपण हा अन्याय जगण्याचा भागच समजून चाललो होतो, हे तिथे माणसासारखं राहिल्यावर कळलं, आणि लाज वाटली. ते परत गेले तेव्हा सोवेटोमध्ये शाळकरी पोरांवर गोळ्या चाललेल्या होत्या. जून १९७६ मधलं ते जगभर गेलेलं छायाचित्र, हेक्टर पीटरसनला हातांवर उचलून धावणाऱ्या मुलाचं, ‘द वर्ल्ड’च्याच छायाचित्रकारानं, सॅम न्झिमा यांनी, टिपलेलं. क्वोबोझांचा पेपर आता दबक्या आवाजात बोलेना. १२ सप्टेंबर १९७७ ला स्टीव्ह बिको पोलीस कोठडीत मेला. १९ ऑक्टोबरला सरकारनं ‘द वर्ल्ड’ बंद केला आणि क्वोबोझांना तुरुंगात टाकलं. खटला नाही, आरोप नाही. काही महिन्यांनी सोडलं.

माझ्या मते या फेलोशिपमध्ये ज्ञान वगैरे दुय्यम आहे. वाचायचं तर माणूस कुठेही वाचतो. खरं मिळतं ते सवय तुटणं. हे मोठं विचित्र दान आहे. सवय ही काही फक्त वाईट गोष्ट नाही. सवयीमुळे माणूस जगतो. रोज पास दाखवून शहरात शिरायचं, रोज वेगळ्या दारानं आत जायचं, आणि तरी संध्याकाळी घरी येऊन पोरांशी हसायचं, हे सवयीशिवाय जमणार नाही. क्वोबोझांची ती सवय निघून गेली आणि त्याची किंमत त्यांनी कोठडीत मोजली. नकासाला तर परत जाऊन ती मोजायची सोयच उरली नाही. त्याचा राग कुठे जाणार होता? कुणाचं मन कशानं खचलं हे बाहेरून सांगू नये, आणि मी सांगत नाही. पण ज्याला घरी जाता येतं त्याच्या रागाला करण्यासारखं काम असतं, एवढं तर दिसतं.

हे दूर आफ्रिकेत शोधायला नको. आपल्याकडचा तालुक्याचा वार्ताहर बघा. बऱ्याच ठिकाणी त्याला पगार म्हणावा असं काही मिळत नाही; जाहिराती आणायच्या, त्यावर कमिशन, आणि त्यातून वेळ उरला तर बातमी. दर उन्हाळ्यात टँकर येतो, बाया कळशा घेऊन धावतात, तो फोटो काढून पाठवतो. दहाव्या उन्हाळ्यात टँकर ही बातमी राहत नाही. यात त्याचा दोष काय? ते गाव त्याच्याही घराबाहेरचं आहे आणि तोही त्याच रांगेत असतो. पी. साईनाथ १९९३ मध्ये एका वृत्तपत्राची फेलोशिप घेऊन मुंबई सोडून देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत गेले. त्यातून १९९६ मध्ये ‘एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्राउट’ हे पुस्तक आलं. ते कुठल्या विद्यापीठात गेले नाहीत, उलट दिशेला गेले. पण तिथेही मिळालं तेच होतं: रोजची डेडलाइन बाजूला ठेवून एका गोष्टीकडे पुरेसा वेळ बघत राहण्याची मुभा. ते शहरातून गावात गेले म्हणून त्यांना दिसलं, की वेळ होता म्हणून? मला वाटतं, दोन्ही. तालुक्याच्या वार्ताहराला यातलं काहीच कुणी देत नाही, आणि त्याच्या बधिरपणावर टीका मात्र आपण मोबाइलवरून आरामात करतो.

आता देणाऱ्याचे हात. नकासा ज्या वर्षांत लिहीत होता, तेव्हा त्याच्या ‘द क्लासिक’ला फारफील्ड फाउंडेशन नावाच्या अमेरिकी संस्थेचे पैसे येत होते. ही संस्था म्हणजे सीआयएचे पैसे वळवण्याची नळी होती, हे पुढे १९६६-६७ च्या सुमारास बाहेर आलं. तोवर नकासा गेलेला होता. याच नळीच्या दुसऱ्या तोंडाला आपली मुंबईही होती: निस्सिम इझिकेल ज्याचे पहिले संपादक, त्या ‘क्वेस्ट’ला ज्या काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडमचं पाठबळ होतं, तिचे पैसेही तिथूनच येत होते. ‘क्वेस्ट’मधला मजकूर म्हणून खोटा ठरत नाही. तरी वाचताना एक खडा दाताखाली येतो.

हार्वर्डचं गणित तर उघडंच होतं. एकीकडे वर्णद्वेषाविरुद्ध लिहिणाऱ्या पत्रकारांना जागा, दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विद्यापीठाच्या गंगाजळीत. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली; १९८६ मध्ये तर हार्वर्डच्या आवारात झोपड्या उभ्या केल्या. म्हणजे ज्या राजवटीनं नकासाला परतीचं दार बंद केलं, त्या देशातल्या नफ्याचा काही वाटा त्याला वर्ष देणाऱ्या विद्यापीठाच्याही तिजोरीत जात होता. मग त्यानं ते वर्ष नाकारायला हवं होतं का?

इथे बरेच जण ‘हो’ म्हणतील. समाजमाध्यमांवर तर हा निकाल दोन मिनिटांत लागतो. मला तो पटत नाही. पैसे स्वच्छ आहेत का, हा प्रश्न ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे त्याला शोभतो. मी विचारू शकतो, कारण माझ्याकडे पासपोर्ट आहे. नकासासमोर स्वच्छ आणि अस्वच्छ अशा दोन फेलोशिप ठेवलेल्या नव्हत्या. एक दार होतं आणि ते एकदाच उघडणार होतं. घेणाऱ्याच्या नैतिकतेची इतकी चौकशी करणारे आपण देणाऱ्याला मात्र ‘दानशूर’ म्हणून मोकळे होतो, हे मला उलटं वाटतं. ज्याचा हात वर आहे त्याला जास्त दिसतं, म्हणून जास्त प्रश्न त्याला.

आणि देणाऱ्याला विचारायचा प्रश्न ‘बदल्यात काय घेणार’ एवढाच नाही. निमन फाउंडेशननं बदल्यात काही मागितलं नाही, आणि ही गोष्ट मी खरोखर मोठी मानतो. मिंधेपणाचा धागाच त्यांनी कापून टाकला. पण अट न घालणं म्हणजे जबाबदारी संपणं नव्हे. एखाद्याला तुम्ही त्याच्या घरातून उचलून वर्षभर दुसरीकडे ठेवता, त्याची सवय तोडता, तर वर्षाच्या तीनशे सहासष्टाव्या दिवशी तो कुठे झोपणार, हा तुमचाही प्रश्न आहे. हे अशक्य नाही, याचा दाखला त्याच संस्थेच्या इतिहासात आहे. बिकोचे मित्र आणि संपादक डोनाल्ड वुड्स यांच्यावर त्याच १९ ऑक्टोबरला बंदी आली. वर्ष संपता संपता ते वेशांतर करून सीमेपार पळाले, आणि १९७८ मध्ये निमन फेलो म्हणून हार्वर्डला आले. तिथे तेच वर्ष आसरा म्हणून उपयोगी पडलं. ज्याचं घर आधीच गेलंय त्याला दिलेलं वर्ष आणि ज्याचं घर या वर्षामुळेच जाणार आहे त्याला दिलेलं वर्ष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवडपत्र पाठवताना हा फरक देणाऱ्यानं आधी करायला हवा. आज रशिया, अफगाणिस्तान, म्यानमारमधल्या पत्रकारांच्या बाबतीत जगभरच्या विद्यापीठांसमोर हाच कागद आहे. फक्त त्यावर ‘एक्झिट परमिट’ असं प्रामाणिकपणे छापलेलं नसतं.

घेणाऱ्याकडे परत येतो. नकासाचा निर्णय चुकला, असं मी म्हणणार नाही. तो काही फसवला गेलेला पोरगा नव्हता. कागदावर काय लिहिलंय ते वाचून, त्यावर लेख लिहून मग त्यानं सही केली. त्याला हार्वर्डचे उपकार फेडायचे नव्हते, देशाचं देणं द्यायचं नव्हतं, त्याला एक वर्ष कुणालाही पास न दाखवता रस्त्यानं चालायचं होतं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला एवढं हवं असणं मला पुरेसं कारण वाटतं. त्यातून एखादं महान पुस्तक आलं असतं तरच ते वर्ष सार्थ, असं मानलं की आपण पुन्हा स्प्रिंटच्या शेवटी डेमो मागायला बसलो.

दक्षिण आफ्रिकेत आता धाडसी पत्रकारितेसाठी त्याच्या नावानं पुरस्कार दिला जातो. क्वोबोझा १९८८ मध्ये त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी वारले. शेवटपर्यंत संपादक होते. आणि मिलवॉकीच्या त्या बाईंच्या पैशातून दर वर्षी नवे पत्रकार येतात, वर्गात मागच्या बाकावर बसतात, वहीत काहीतरी लिहितात. त्यातला एखादा मध्येच थांबून, फळ्यावर चाललेलं हे सगळं चूक आहे, असं म्हणत असेल.